शाळेत नसलेला कोर्स बाहेरून घ्यायचा तर: मिशिगनचा कायदा आणि त्यापुढचे काम

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही सुटले असेल तर तुम्ही सांगू शकाल. तुम्ही मिशिगनच्या पश्चिमेकडच्या एका लहान गावात राहता. मुलगी दहावीत आहे. पुढच्या वर्षी तिला एपी कॉम्प्युटर सायन्स ए घ्यायचे आहे (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा विषय, त्याची परीक्षा ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था घेते) आणि तिच्या हायस्कूलमध्ये तो विषयच नाही. काउन्सेलरकडे, म्हणजे शाळेतल्या विषयनिवडीच्या सल्लागाराकडे, चौकशी केली तर ‘आपली शाळा बाहेरचे कोर्स देत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. टेक्सासला राहणाऱ्या तुमच्या नणंदबाई म्हणतात की कायद्याने शाळेला कोर्स द्यावाच लागतो आणि फीसुद्धा शाळाच भरते. आता शाळेशी भांडायचे, पदरचे पैसे भरून कोर्स घ्यायचा, की नोवाय किंवा ट्रॉयसारख्या मोठ्या शाळांच्या गावी घर बघायचे, असा पेच आहे.

मी मिशिगनच्या सरकारी शाळांत सोळा वर्षे काम करते. आधी गणित शिकवत होते. गेली नऊ वर्षे काउन्सेलर आहे, आणि त्यातली बहुतेक वर्षे ऑनलाइन कोर्स घेणाऱ्या मुलांची मेंटॉर, म्हणजे शाळेत त्यांच्या प्रगतीकडे लक्ष देणारी, म्हणूनही काम पाहिले आहे. त्यामुळे या टेबलाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. एवढ्या एका कारणासाठी घर बदलू नका, हे आधीच सांगते. तुमच्या मुलीच्या बाजूने कायदा आहे. पण कायदा तिला कोर्समध्ये जागा मिळवून देतो, आणि तिथेच त्याचे काम संपते. तो कोर्स मे महिन्यापर्यंत नीट पार पडेल की नाही, हे तिच्या वेळापत्रकातल्या एका तासावर आणि त्या तासाला तिच्याकडे लक्ष देणाऱ्या एका माणसावर ठरते. बहुतेक पालक सगळी ताकद पहिल्या गोष्टीवर खर्च करतात आणि दुसरी मागायची राहून जाते. म्हणून दोन्हींबद्दल लिहिते.

आधी कायदा. मिशिगनच्या स्टेट स्कूल एड ॲक्टमध्ये, म्हणजे शाळांना राज्याचा पैसा वाटणाऱ्या कायद्यात, २१एफ नावाचे एक कलम आहे. ते २०१३ साली आले. गव्हर्नर रिक स्नायडर यांनी २०११ मध्येच ‘कुठेही, केव्हाही, कोणत्याही पद्धतीने, कोणत्याही गतीने’ शिकता आले पाहिजे अशी भूमिका मांडली होती, हे कलम त्यातूनच पुढे आले. सहावी ते बारावीच्या सरकारी शाळेतल्या मुलाला, पालकांची संमती असेल तर, एका सत्रात दोन ऑनलाइन कोर्स मागता येतात. कोर्स आपल्या डिस्ट्रिक्टच्या (परिसरातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या) यादीतला असावा किंवा राज्याच्या यादीतला. राज्याच्या यादीत इतर डिस्ट्रिक्ट, इंटरमीडिएट डिस्ट्रिक्ट (अनेक डिस्ट्रिक्टना सेवा देणारे त्यांच्या वरचे मंडळ), कम्युनिटी कॉलेज आणि मिशिगन व्हर्च्युअल ही १९९८ पासून चालणारी संस्था यांचे कोर्स असतात. तुम्हाला हवा असलेला विषय मिशिगन व्हर्च्युअलकडे आहे. कोर्स पूर्ण केला की शाळेला त्याचे क्रेडिट द्यावे लागते, हायस्कूलच्या पदवीसाठी मोजावे लागते आणि ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे हायस्कूलच्या एकत्रित गुणपत्रकावर, कोर्सचे नाव लिहावे लागते. दोनपेक्षा जास्त कोर्सही घेता येतात, पण तिथे शाळेची सहमती लागते.

म्हणजे ‘आपली शाळा बाहेरचे कोर्स देत नाही’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. शाळा नकार देऊ शकते, पण कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादे असेल तरच. मुलाने त्या विषयाचे क्रेडिट आधीच मिळवले असेल. कोर्सला क्रेडिटच नसेल. पदवीच्या उरलेल्या अटींशी किंवा मुलाच्या पुढच्या वाटेशी तो जुळत नसेल. आधीचा पाया झालेला नसेल. मागच्या दोन वर्षांत त्याच विषयाच्या ऑनलाइन कोर्समध्ये मूल नापास झाले असेल. कोर्सचा दर्जा पुरेसा नाही असे शाळेचे म्हणणे असेल, पण मग शाळेने त्याऐवजी दुसरा शोधून देण्याचा प्रामाणिक प्रयत्न करायला हवा. कोर्सची किंमत ठरलेल्या मर्यादेबाहेर जात असेल आणि वरचा फरक पालक द्यायला तयार नसतील. किंवा अर्ज वेळेत आलेला नसेल.

यातले शेवटचे कारण साधे दिसते, पण मी पाहिलेले बहुतेक नकार तिथेच झाले. वर्गातल्या विषयांची निवड आणि बदल यांच्या ज्या तारखा असतील, त्याच तारखा ऑनलाइन कोर्सलाही लागू होतात. बहुतेक हायस्कूलमध्ये पुढच्या वर्षाची निवड फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. आपल्याकडचे बरेच पालक ऑगस्टमध्ये भारतातून परत आले की याची आठवण काढतात, तेव्हा शाळा नियमाला धरून नाही म्हणते आणि माझ्यासारखीलाही काही करता येत नाही. तुम्ही आत्ताच विचारले आहे, हे फार बरे झाले. तुमच्या शाळेची शेवटची तारीख आजच शोधा.

नणंदबाई चुकीचे बोलत नाहीत, फक्त त्या त्यांच्या राज्याचे बोलत आहेत. टेक्सासच्या विधिमंडळाने २०१३ मध्येच केलेल्या कायद्यात वर्षाला तीन कोर्सपर्यंतचा खर्च डिस्ट्रिक्टवर टाकला होता, आणि तसाच कोर्स शाळेत असेल तर डिस्ट्रिक्टला नाही म्हणायची मुभा होती. अमेरिकेत शालेय शिक्षण हा राज्यांचा विषय. त्यामुळे एका राज्यातला अनुभव दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा लागू होत नाही. मिनेसोटाने १९८५ मध्येच हायस्कूलच्या मुलांना कॉलेजचे कोर्स सरकारी खर्चाने घेऊ दिले. फ्लोरिडाने १९९७ मध्ये राज्याची ऑनलाइन शाळा सुरू केली आणि पुढे पैसे देण्याची अशी पद्धत ठरवली की मूल कोर्स यशस्वीपणे पूर्ण करील तेव्हाच त्या शाळेला निधी मिळतो. युटाचा ऑनलाइन कोर्सचा कायदा २०११ चा.

लुइझियानाची गोष्ट मात्र जरा थांबून सांगते, कारण असे कायदे कुठे घसरतात ते तिच्यात दिसते. तिथे २०१२ मध्ये गव्हर्नर बॉबी जिंदाल यांच्या काळात ‘कोर्स चॉइस’ आले. कोर्स देणाऱ्यांत विद्यापीठे होती, व्यवसाय-संघटना होत्या आणि खासगी कंपन्याही होत्या. कल्पना चांगली होती: लहान गावच्या शाळेत फिजिक्सचा शिक्षक नसेल तर मुलाने का अडून राहावे? पण मूल नोंदले गेले की अर्धी फी कोर्स देणाऱ्याच्या हातात पडत होती. २०१३ च्या वसंतात काही पॅरिशमध्ये (तिथे काउंटीला पॅरिश म्हणतात) पालकांना पत्ताही नसताना मुलांची नावे कोर्सला लागल्याचे बाहेर आले. त्याच मे महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी शाळांसाठी राज्यघटनेने बाजूला ठेवलेला निधी अशा कोर्सवर वळवता येणार नाही. योजना बंद पडली नाही, पण पैशाची वाट बदलावी लागली आणि पुढे ती डिस्ट्रिक्टमार्फत चालू लागली.

हे सांगण्याचे कारण असे की मिशिगनच्या कलमातली नकाराची यादी वाचून पालक चिडतात. मलाही सुरुवातीला वाटायचे की हक्क दिला तर सरळ द्यावा, एवढ्या अटी कशाला? आता तसे वाटत नाही. ‘आधीचा पाया झाला आहे का’ हा प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा, आणि तो विचारणाऱ्याचा पगार मुलाच्या नोंदणीवर अवलंबून नसावा. मिशिगनमध्ये राज्याच्या यादीत कोर्स टाकणाऱ्या संस्था सरकारी किंवा ना-नफा आहेत, पालकांची संमती सक्तीची आहे आणि शिकवणाऱ्या शिक्षकाकडे राज्याचे प्रमाणपत्र असावे लागते. या गोष्टी कंटाळवाण्या वाटतात, पण त्या तुमच्या मुलीच्या बाजूच्या आहेत.

पैशाचे गणित सोपे आहे. एका कोर्समागे डिस्ट्रिक्टला राज्याच्या फाउंडेशन अलाउन्सच्या, म्हणजे शाळेसाठी मुलामागे ठरलेल्या रकमेच्या, ६.६७ टक्क्यांपर्यंत खर्च करावा लागतो. २०२३-२४ मध्ये ही रक्कम मुलामागे ९,६०८ डॉलर होती, म्हणजे कोर्सची मर्यादा ६४० डॉलरच्या आसपास आली. कोर्स त्याहून महाग असेल तर वरचा फरक तेवढा तुमचा. हे सगळे दर वर्षी अर्थसंकल्पाबरोबर बदलणाऱ्या कायद्यात बसलेले आहे, म्हणून आकडे आणि शब्द दोन्ही मिशिगन विधिमंडळाच्या संकेतस्थळावरच्या ताज्या मजकुरातून घ्या, माझ्या किंवा कोणाच्याही जुन्या उत्तरातून नको. वर्षभराचा एपी कोर्स दोन सत्रांचा असतो, म्हणून हिशेबात ते दोन कोर्स होतात. ही गोष्ट अर्जातच स्पष्ट लिहा, नाही तर जानेवारीत पुन्हा तेच बोलणे सुरू करावे लागते.

लहान डिस्ट्रिक्टची अडचणही समजून घ्या. पैसा मुलामागे येतो, पण शिक्षकाचा पगार आणि बसचे डिझेल कोर्सच्या हिशेबाने कमी होत नाही. एक मूल दोन कोर्स बाहेर घेते तेव्हा शाळेच्या तिजोरीतून खरोखर पैसे जातात. तुमच्या काउन्सेलरने जे सांगितले ते बहुधा अढीने नाही. एका काउन्सेलरकडे तीन-चारशे मुले असली की आधी कोणी न मागितलेल्या गोष्टीला ‘आपल्याकडे नाही’ हेच उत्तर तोंडावर येते. मी नवीन असताना मीसुद्धा एका आईला असेच सांगितले होते. तिने दुसऱ्या दिवशी कायद्याची प्रत छापून आणली, माझ्यासमोर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, ‘आपण मिळून वाचू या का?’ त्या दिवशी मी ते कलम पहिल्यांदा पूर्ण वाचले.

तुम्हीही तसेच करा. भांडायला जाऊ नका, कागद घेऊन जा. काउन्सेलरला ईमेल लिहा: मुलीचे नाव, इयत्ता, कोर्सचे राज्याच्या यादीतले नेमके नाव, कोण देते, दोन्ही सत्रे, तिची गणिताची श्रेणी आणि तुमची लेखी संमती. मग एक वाक्य असे की ‘कलम २१एफनुसार ही विनंती करत आहोत, आणि नकार असेल तर त्याचे कारण लेखी कळवावे.’ पत्राचा सूर सरळ आणि सौजन्याचा असू द्या. लेखी नकार देताना शाळेला कायद्यातले कारण नमूद करावे लागते आणि अपील कसे करायचे तेही सांगावे लागते. निम्म्या वेळा लेखी कारण शोधायला बसल्यावर शाळेच्याच लक्षात येते की तसे कारण नाही, आणि प्रकरण तिथेच मिटते.

नाही मिटले तर अपील इंटरमीडिएट स्कूल डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडंटकडे जाते. हे साधे पत्र असते. शाळेने कोणते कारण दिले आणि ते आपल्या मुलीला का लागू होत नाही, एवढेच लिहायचे. त्यांना पाच दिवसांत उत्तर द्यावे लागते. वकील लागत नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला त्यांच्या डिस्ट्रिक्टने ‘पाया झालेला नाही’ म्हणून कळवले होते. मुलाचे अल्जेब्रा दोन आठवीतच झाले होते, पण दुसऱ्या राज्यातून आल्यामुळे ते ट्रान्सक्रिप्टवर चढलेच नव्हते. आईवडिलांना वाटले की मुलाला मुद्दाम डावलले. महिनाभर ते धुमसत राहिले, बोर्डाच्या सभेत बोलून आले, शेजाऱ्यांशी वाद झाले. शेवटी जुन्या शाळेचे गुणपत्रक जोडून एक पानी पत्र गेले आणि आठवड्यात प्रश्न सुटला. तो महिना मात्र परत आला नाही. आपल्या मुलीच्या ट्रान्सक्रिप्टवर सगळे चढले आहे का, हे पत्र लिहिण्याआधी बघा. भारतातून किंवा दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलांच्या बाबतीत तर नक्कीच.

आता त्या गोष्टीकडे येते जी मला जास्त महत्त्वाची वाटते.

मिशिगन व्हर्च्युअल दर वर्षी राज्यातल्या ऑनलाइन कोर्सच्या निकालाचा अहवाल काढते. महामारीच्या आधीच्या काही वर्षांत राज्यभरातल्या ऑनलाइन कोर्समध्ये उत्तीर्ण होण्याचे प्रमाण निम्म्याहून थोडेच जास्त होते. हीच मुले वर्गातले विषय बरीच चांगली पास होत होती. यात अनेक प्रकारची मुले येतात, वर्गात नापास होऊन क्रेडिट भरून काढणारीसुद्धा, त्यामुळे तुमच्या हुशार मुलीला हा आकडा सरळ लावू नका. एक-दोन कोर्स घेणाऱ्यांचे निकाल खूप कोर्स घेणाऱ्यांपेक्षा चांगले आहेत, हेही त्याच अहवालांत दिसते. पण आपल्या घरांत एक समज पक्का असतो: मूल हुशार आहे, कॉम्प्युटर आहे, बाकी काय लागते? त्या समजाची किंमत मी हुशार मुलांनाच मोजताना पाहिली आहे.

एका मुलाचे सांगते. गणितात शाळेत पहिला. अकरावीत हाच कोर्स घेतला, पण सहा तासांचे वेळापत्रक पूर्ण भरलेले ठेवून, वरून सातवा म्हणून. ‘रात्री करीन’ म्हणाला आणि आईवडिलांनीही मान डोलावली. ऑक्टोबरच्या मध्यात मी त्याची प्रगती उघडली तेव्हा वेळापत्रकाप्रमाणे तो सातव्या आठवड्यात असायला हवा होता आणि होता तिसऱ्यात. जमा केलेल्या कामांच्या वेळा पाहिल्या: रात्री ११.५२, ११.४७, ११.५८. मार्चिंग बँड, फुटबॉलचे शुक्रवार, वर्गातल्या सहा विषयांचा गृहपाठ, आणि सगळ्यांच्या तळाशी हा कोर्स. वर्गातल्या शिक्षकाला मुलाचा चेहरा दिसतो. ऑनलाइन शिक्षिकेला फक्त न आलेले काम दिसते. तिचे तीन ईमेल त्याने उघडलेही नव्हते, कारण शाळेच्या ईमेलकडे मुले बघतच नाहीत.

आम्ही एक ऐच्छिक विषय काढला आणि तिसरा तास या कोर्सला दिला. जागा ग्रंथालयाच्या कोपऱ्यातले टेबल, समोर मी. मला जावा, म्हणजे या कोर्सातली प्रोग्रॅमिंगची भाषा, येत नाही, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले. एक दिवस तो चाळीस मिनिटे एकाच प्रोग्रॅमवर अडला. पाच आकड्यांची यादी होती आणि प्रोग्रॅम शेवटी येऊन दर वेळी कोसळत होता. शिक्षिकेचे उत्तर यायला दुसरा दिवस उजाडला असता. मी म्हटले, ‘मला एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखव, आणि प्रत्येक ओळीला यादीच्या कितव्या घरात उभा आहेस ते बोटाने दाखव.’ त्याने कागदावर पाच घरे काढली. पहिल्या घराला शून्य क्रमांक. बोट शून्य, एक, दोन, तीन, चार असे सरकले आणि मग पाच या क्रमांकावर गेले, जिथे कागदावर घरच नव्हते. बोट टेबलावरच राहिले. तो काही बोलला नाही, अटीतले बरोबरचे चिन्ह पुसले आणि प्रोग्रॅम चालला. त्यानंतर तो स्वतःच दर वेळी कागदावर घरे काढू लागला. मे महिन्यातल्या एपी परीक्षेत त्याला पाचपैकी चार मिळाले.

मेंटॉरचे काम ते एवढेच. मिशिगनच्या कायद्यात ऑनलाइन शिक्षकाशिवाय मुलाच्या स्वतःच्या शाळेतला एक मेंटॉर असावाच लागतो. तो प्रगतीवर नजर ठेवतो, साधने मिळतात का ते पाहतो आणि मदतीला उपलब्ध असतो. शाळेतल्या इतर मुलांइतकाच तिथल्या कॉम्प्युटरवर आणि इंटरनेटवर या मुलांचाही हक्क असतो. पण मेंटॉर कागदावर असू शकतो, आणि खरा असू शकतो. एकाच माणसाकडे साठ मुले असतील आणि तो महिन्यातून एकदा ईमेल करीत असेल, तर कायदा पाळला गेला असे म्हणता येते, पण मुलाला काही मिळत नाही.

म्हणून काउन्सेलरशी बोलताना माझी विनंती आहे की ‘कोर्स द्या’ याच्याबरोबर दोन गोष्टी मागा. हा कोर्स शाळेच्या दिवसातला एक तास म्हणून बसवा, वरचा जादा म्हणून नको. आणि मेंटॉर कोण, तो आठवड्यातून कोणत्या दिवशी समोरासमोर भेटणार, हे ठरवून घ्या. दिवस शुक्रवार असेल तर उत्तम, मागे पडलेले काम शनिवार-रविवारी भरून काढता येते. हे कायद्याने मिळेलच असे नाही, शाळेच्या सोयीवर आहे. पण शाळेने आधीच होकार दिलेला असतो तेव्हा ही मागणी सहसा मान्य होते, कारण तिला फार पैसे लागत नाहीत. आणि घरी तुम्ही एवढे करा: दर रविवारी तिला कोर्सचे पान तुमच्यासमोर उघडायला सांगा. गुण विचारू नका. वेळापत्रकाप्रमाणे आज कितवा आठवडा आणि ती कितव्यात, एवढेच विचारा. एक आठवड्याचा फरक भरून निघतो. तिनाचा झाला की त्याच दिवशी मेंटॉरला लिहा. काही दिवस थांबून बघू असे म्हणू नका.

स्वतः पैसे भरून घ्यावे का, असे तुम्ही विचारलेत. शाळेने कायदेशीर कारणाने नाकारले तरच त्याचा विचार करा, आणि आधी शाळेकडून लेखी घ्या की त्याचे क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर येईल. सर्टिफिकेट आणि क्रेडिट यांत आपल्याकडे फार गल्लत होते. कोर्सेरासारख्या ठिकाणचे सर्टिफिकेट शिकण्यासाठी छान, पण हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर त्याला जागा नसते. तुमच्या दिरांनी पुण्याहून ‘स्वयम’चे उदाहरण दिल्याचे तुम्ही लिहिले आहे. ती व्यवस्था वेगळी. तिथे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी महाविद्यालयांना एका सत्रातल्या चाळीस टक्क्यांपर्यंतच्या विषयांसाठी ‘स्वयम’चे क्रेडिट स्वीकारायला मुभा दिली. तो कॉलेजचा आणि केंद्राचा नियम आहे. इथला प्रश्न हायस्कूलचा आणि राज्याचा. मुलगी राज्यपातळीवर खेळत असेल आणि कॉलेजात खेळायचा विचार असेल, तर ऑनलाइन कोर्स एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांमधल्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेच्या, नियमांत बसतो का, तेही आधीच बघा. त्यांना शिक्षक आणि मूल यांच्यात नियमित संवाद असलेलेच कोर्स चालतात.

कॉलेजांना चालेल का, याची फार काळजी करू नका. प्रवेशाच्या वेळी मुलाला त्याच्या शाळेत काय उपलब्ध होते त्या पार्श्वभूमीवर पाहिले जाते, आणि शाळा तशी माहिती सोबत पाठवते. शाळेत नसलेला विषय तिने स्वतःहून घेतला आणि नीट पूर्ण केला तर ते चांगलेच दिसते. अर्धवट सोडला तर तेही ट्रान्सक्रिप्टवर दिसू शकते. त्यामुळे सोडण्याची शेवटची तारीख कोणती, आणि एपीचा जादा भार जीपीएत (सरासरी गुणांकात) धरणार का, या दोन गोष्टी सप्टेंबरच्या आधी विचारून ठेवा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये वेगळे असते.

एपी परीक्षेची एक अडचण आधीच सांगते, कारण ती ऐनवेळी कळली की घरात रडारड होते. ऑनलाइन कोर्स देणारी संस्था परीक्षा घेत नाही. परीक्षा प्रत्यक्ष एखाद्या हायस्कूलमध्ये बसून द्यावी लागते, आणि तिची मागणी आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नोंदवावी लागते. तुमच्या शाळेत एकही एपी विषय नसेल तर तिथे एपी कोऑर्डिनेटर, म्हणजे या परीक्षांची व्यवस्था पाहणारा माणूस, नसेल. मग शेजारच्या शाळेत सप्टेंबरमध्येच जाऊन विचारा. तिच्या नावाची नोंद तिथून झाली की मिळालेला जॉइन कोड तिने स्वतःच्या कॉलेज बोर्ड खात्यात घालायचा.

आणखी एक पर्याय तुमच्या गावाजवळ असू शकतो. मिशिगनमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार नववी ते बारावीची मुले कॉलेजचे कोर्स डिस्ट्रिक्टच्या खर्चाने, ठरलेल्या मर्यादेत, घेऊ शकतात. जवळ कम्युनिटी कॉलेज असेल आणि तिथे संध्याकाळचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग प्रत्यक्ष भरत असेल, तर काही मुलांना तो ऑनलाइन एपीपेक्षा जास्त मानवतो. समोर शिक्षक असतो, शेजारी बाक असतो. पण तिथली श्रेणी कॉलेजच्या कायमच्या नोंदीत जाते, आणि गाडी चालवून न्यावे लागते. तुमची मुलगी एकटीने काम पुढे नेणारी आहे की माणसांत बसून शिकणारी, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. माझे मत विचाराल तर, मागच्या उन्हाळ्यात तिने स्वतःहून काही सुरू करून पूर्ण केले होते का, ते आठवा. केले असेल तर ऑनलाइन एपी घ्या. नसेल तर आधी कॉलेजचा वर्ग बघा.

थोडक्यात क्रम असा: शाळेची निवडीची शेवटची तारीख, ट्रान्सक्रिप्टची तपासणी, राज्याच्या यादीतला नेमका कोर्स, ईमेल, लेखी उत्तर, गरज पडली तर अपील, आणि होकार आल्याबरोबर तासाची आणि मेंटॉरची गोष्ट.

तुम्ही शेवटी लिहिलेत की मुलगी लाजरी आहे आणि काउन्सेलरशी तुम्हीच बोलणार आहात. ईमेल तुम्ही लिहा, पण भेटीला तिला न्या, आणि हा विषय तिला का हवा आहे ते तिलाच सांगू द्या. दोन वाक्ये पुरेत, हवी तर घरी मराठीत म्हणून सराव करा. पुढच्या वर्षी अडल्यावर न दिसणाऱ्या शिक्षिकेला ‘मला हे कळले नाही’ असे तिलाच लिहावे लागणार आहे, तेव्हा तुम्ही शेजारी नसाल. शाळेचे उत्तर आले की त्यातले कारण जसेच्या तसे इथे लिहा, मुलीचे आणि शाळेचे नाव वगळून. अपिलाचे पत्र लिहायला मी मदत करीन.